बनुआत्यांच्या पोटावरची गाठ

आमच्या बनुआत्या दारातून आल्या की आधी त्यांचं पोट आत यायचं आणि मागून त्या. बेंबीच्या उजव्या अंगाला त्यांना चरबीची एक गाठ होती. सुरुवातीला लिंबाएवढी होती म्हणे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती चांगली नारळाएवढी झाली होती, आणि एकाहत्तर सालच्या दिवाळीत तर लुगड्याच्या निऱ्या खोचायला जागा उरली नव्हती. दुखायची नाही, खुपायची नाही. एसटीत नवखी माणसं उठून जागा द्यायची. एखादी बाई विचारायची, "कितवा महिना?" आत्यांचं वय तेव्हा पंचावन्न. त्या शांतपणे सांगायच्या, "पंधरावं वरीस हाय," आणि मिळालेल्या जागेवर ऐसपैस बसायच्या.

बनुआत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची, गोरक्षची, सख्खी आत्या. देवळाली प्रवऱ्याला त्यांचं घर. कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, चार बैल, आणि दिवसातून दहा शब्द बोलणारे आमचे आतोबा रंगनाथ. शेती आतोबा बघायचे आणि गावातली बाळंतपणं आत्या. सुईणपण हा काही त्यांचा धंदा नव्हता. सासूनं शिकवलं म्हणून त्या करायच्या. कुणी खण-नारळ दिला तर घ्यायच्या, नाही दिला तर बारशाच्या घुगऱ्या खाऊन घरी यायच्या. अर्ध्या गावाची नाळ त्यांनी कापलेली, त्यामुळं दरारा असा की सोसायटीच्या चेअरमनलासुद्धा चारचौघांत सुनवायच्या, "तू पायाळू हुतास. तवाच मला घाम फोडलास, आता कारभार कसला करतोस!" चेअरमन बिचारा टोपी सावरत हसायचा.

गावातल्या बायकांना त्या गाठीचं कौतुक होतं, ही आणखी एक तऱ्हा. आत्या पाटावर पाय पसरून तान्ह्या पोराला न्हाऊ घालायच्या, तेव्हा पोरं पाय झाडायची ती नेमकी त्या गाठीवर. जे पोर जोरात लाथा मारेल ते लवकर चालतं, असा बायकांनी शोध लावला होता. मी मास्तरीण माणूस, मला असल्या गोष्टींचा राग येतो. पण माझी दोन्ही पोरं त्या गाठीला लाथा मारूनच वाढली, आणि दोन्ही दहाव्या महिन्यात चालली. तेव्हा मी गप्प बसते.

ती गाठ काढायची वेळ आली ती पुष्पामुळं. पुष्पावती ही आत्यांची एकुलती एक लेक, पाथर्डीकडं दिलेली. तिचं पहिलं पोर सहाव्या महिन्यात गेलं. दुसरं पूर्ण दिवसांचं झालं, पण सासरी, आणि एका दिवसाचं होऊन गेलं. दोन्ही वेळा आत्या पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते, गुढीपाडव्याच्या आसपास बाळंत व्हायची होती. आत्यांनी जावयाला निरोप धाडून सातव्या महिन्यातच तिला माहेरी आणायचं पक्कं केलं. "या खेपेला पोर माज्याच हातात आलं पायजे," एवढं एकच त्या बोलायच्या.

आणि नेमकं त्याच कार्तिकात गावातल्या आसारामच्या सुनेच्या बाळंतपणात विपरीत घडता घडता राहिलं. आत्या उकिडव्या बसल्या होत्या. पोर घाईनं आलं, आणि पुढं वाकायला गेल्या तर गाठ मांडी आणि हात यांच्या मधे आली. हात पोचला नाही. पोर गोधडीवर घसरलं. काही झालं नाही, खणखणीत रडलं. आसारामच्या घरच्यांनी हसण्यावारी नेलं. आत्या मात्र घरी येऊन जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरून एकट्या नगरला आमच्या दारात हजर.

"सूनबाई, ही काढून टाकायची," त्या गाठीवर थाप मारून म्हणाल्या. "कुठं काढत्यात ते तू बग. तू शिकलेली हाईस."

आम्ही तेव्हा नगरातच, सावेडीला नव्या वस्तीत दोन खोल्यांत राहत होतो. गोरक्षनं रजा काढली आणि आम्ही तिघं मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी गाठ दाबून, हलवून पाहिली. नुसती चरबी आहे, वाईट काही नाही, काढली तर निघेल, म्हणाले. मग त्यांनी ऑपरेशननंतर काय काय होईल ते नीट सांगितलं. मी शाळेची वही घेऊनच गेले होते, त्यात सगळं उतरवून घेतलं. पहिले काही दिवस पोट आधीपेक्षा मोठं दिसेल, घाबरू नका, ती सूज असते. कातडी काळीनिळी पडेल, मग हिरवी, मग पिवळी. गाठ निघाल्यावर आत पोकळी राहते, तिथं पाणी साठतं, म्हणून तीन दिवस रबराची नळी ठेवू. पोट दिवसरात्र घट्ट बांधून ठेवायचं, सहा आठवडे. दुसऱ्या दिवसापासून चालायचं, पण वाकायचं नाही, उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. टाके दहाव्या दिवशी. आणि जखमेभोवतीची कातडी तीन-चार महिने बधिर राहील.

आत्यांनी हे सगळं ऐकलं आणि बोटं मोजून म्हणाल्या, "पोट बांधायचं, जपायचं, सव्वा म्हयना वाकायचं न्हाई. म्हंजी बाळंतपनच की हे."

डॉक्टर हसले. म्हणाले, "तसंच समजा, आजी."

मला अजून त्या माणसाचा राग येतो. भले डॉक्टर, हात सोन्याचा. पण आमच्या घरात हे वाक्य बोलू नये, हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं.

संक्रांत झाल्यावर ऑपरेशन झालं. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलेलं, त्यामुळं आत्या जाग्याच होत्या आणि सबंध वेळ बोलत होत्या. नर्सला सासर-माहेर विचारून झालं, डॉक्टरांना लेकरं किती ते विचारून झालं. गाठ निघाली ती साडेतीन किलोची. आत्यांनी हट्ट धरला, मला दावा. तसराळ्यात तो पिवळाधमक गोळा बघून म्हणाल्या, "येवढं तूप मी कवा खाल्लं?" मग म्हणाल्या, "माजी पुष्पी एवढीच हुती जन्मली तवा." हे गोरक्षला नर्सनं सांगितलं, आणि तो बाहेर व्हरांड्यात येऊन मला सांगताना हसत होता, डोळे पुसत होता.

पहिले दोन दिवस वाईट गेले. कमरेतल्या सुईनं डोकं धरलं, उलट्या झाल्या, आणि खोकला आला की आत्या दोन्ही हातांनी पोट आवळून धरायच्या. पोट खरंच आधीपेक्षा मोठं दिसत होतं. आतोबा भेटायला आले, पांघरुणाकडं बघून म्हणाले, "काढली नव्हं?" तेवढे दोनच शब्द बोलून दिवसभर पायाशी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी नळी काढली, आणि सातव्या दिवशी आम्ही त्यांना टांग्यातून सावेडीला घरी आणलं.

डिसेंबरच्या लढाईत खिडक्यांच्या काचांना चिकटवलेले काळे कागद आम्ही अजून काढले नव्हते. आत्यांना ते फार पसंत पडले. "बाळंतिनीची खोली अशीच पायजे, अंधारी," म्हणाल्या. मी कागद काढायचे राहू दिले.

दवाखान्याचा पट्टा सारखा वर सरकायचा. आत्यांनी तो फेकून दिला आणि मला पोट बांधायला शिकवलं. जुन्या लुगड्याचा लांब फाळका, वीतभर रुंद, खालून वर बांधत यायचा. प्रत्येक वेढ्याला बाईनं श्वास सोडायचा. "हात घाल आत. दोन बोटं गेली पायजेत, तिसरं न्हाई." दोन दिवसांत मला जमायला लागलं. दहाव्या दिवशी टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी ते बांधणं पाहिलं, आतली जागा दाबून पाहिली. पाण्याचा थेंब साठला नव्हता. "हे कुणी बांधलं?" त्यांनी नर्सला बोलावून दाखवलं. आत्या अशा बसल्या होत्या, जणू त्याच परीक्षा पास झाल्या. मीही फुगले, खोटं कशाला बोलू.

तिथंच आमचं चुकलं. बांधणं बरोबर निघालं म्हटल्यावर आम्हाला वाटलं, मग सगळंच बरोबर असणार. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात रीतसर बाळंतपण सुरू झालं. डिंकाचे लाडू झाले, अळिवाची खीर झाली, बाळंतशोपा झाल्या. राहिली होती शेगडी.

आमच्याकडं बाळंतिणीला बाजेवर निजवून खाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, त्यावर ओवा आणि वावडिंग टाकतात. अंग शेकून निघतं, सगळा ठणका जातो. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आत्यांनी देवळालीहून येऊन सव्वा महिना मला शेकलं होतं. धुरानं त्यांचे डोळे लाल व्हायचे, पण एक दिवस चुकवला नाही. आता मला त्यांची सेवा करायची संधी मिळाली होती. जानेवारी संपत आला होता, थंडी कडाक्याची. ऑपरेशनला पंधरा दिवस झाले होते. आत्या म्हणाल्या, "आत गार गार लागतंय गं त्या जागंला. शेक दे जरा." मी शाळेतून आले ती पदर खोचून निखारे फुलवायलाच बसले.

फाळका सोडला. त्या उजव्या कुशीवर निजल्या, म्हणजे शेक नेमका जखमेच्या जागेला लागेल. मी शेगडी सरकवली.

"ऊब लागती का?"

"न्हाई अजून. घाल दोन निखारं."

मी घातले. आम्ही बोलत होतो, पुष्पाच्या बाळाला कुंची शिवायची होती, कापड कुठलं घ्यायचं वगैरे.

"अजून घाल की. हात आखडता कशाला घेतीस?"

मी आणखी घातले. वास आला तेव्हा मला वाटलं ओवा जळतोय.

तळहाताएवढा फोड आला होता. आजूबाजूची कातडी पांढरी पडलेली. आणि आत्यांना काही म्हणता काही कळलं नव्हतं. मला रडू फुटलं तेव्हा त्याच मला विचारत होत्या, "का गं, काय झालं?"

वहीत लिहिलेलं होतं. माझ्याच अक्षरात, खाली रेघ ओढून: कातडी बधिर राहील. मी रोज मुलांना शिकवते की नुसतं लिहून घेऊ नका, डोकं चालवा.

डॉक्टर त्या दिवशी हसले नाहीत. दोघींनाही त्यांनी असं झाडलं की नर्स खाली बघत होती. "ज्या जागेला काही कळत नाही, त्या जागेला निखारा द्यायचा? ती जागा सांगणार कशी तुम्हाला?" जखम धुऊन, मलम लावून झाल्यावर त्यांनी नवा हिशेब सांगितला. भाजलेली जागा भरायला महिना-दीड महिना. तोपर्यंत उकिडवं बसणं बंद, नाहीतर कोवळी कातडी फाटेल आणि मग काम कठीण होईल.

दीड महिना म्हणजे पाडवा. घरी येताना टांग्यात आत्या रस्त्याकडं तोंड करून बसल्या. मी शेवटी म्हटलं, "आत्या, मला मारा, पण बोला." त्यांनी माझा हात मांडीवर घेतला. "तुजा काय दोस? निखारं मी मागितलं. जल्मभर दुसरीला इच्यारलं, ऊब लागती का, ती हो म्हनली की थांबायचं. मला सोताला लागंना, तर मला कळाय नको व्हतं?" मग म्हणाल्या, "पुष्पीला आता नगरलाच आनू. इथं दवाखान्यात हुईल. माज्या हातात न्हाई, तर न्हाई." त्यांचा चेहरा एवढा उतरला होता, की मला वाटलं, यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं.

फेब्रुवारीच्या शेवटी त्या देवळालीला परत गेल्या. पुष्पाला पाडव्याच्या आठ दिवस आधी नगरला आणायचं ठरलं होतं. रंगपंचमीच्या सुट्टीला मी त्यांची जखम बघायला आदल्या दिवशीच गेले. नवी गुलाबी कातडी आली होती, कागदासारखी पातळ. आणि रंगपंचमीच्या सकाळी, अजून भाकरी व्हायच्या होत्या, तोच पुष्पाच्या पोटात कळा सुरू झाल्या.

आतोबा साखर कारखान्याची जीप मिळते का बघायला सायकलवर धावले. पण आत्यांनी लेकीच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जीप येस्तवर हे थांबत न्हाई."

घरात बायका तिघी. आत्या, मी, आणि आत्यांची धाकटी जाऊ मालनबाई. या मालनबाई वीस वर्षं आत्यांच्या मागं पाणी तापवायला आणि दिवा धरायला जात. आत्यांनी त्यांना पोराला कधी हात लावू दिला नव्हता. "मालनीचा हात घाईचा," म्हणायच्या.

आत्यांनी लुगडं वर खोचलं आणि पुष्पाच्या पायाशी उकिडवं बसायला गेल्या. मी खांदा धरला. "आत्या, नको." त्यांनी माझा हात झटकला. अर्ध्या बसल्या आणि तिथंच थांबल्या. पोटावरची कातडी ओढली गेली होती. दुखत नव्हतं, बधिरच होती ना, पण लुगड्यावर रक्ताचा डाग दिसायला लागला. तो त्यांनी बघितला. पुष्पाकडं बघितलं. मग उठल्या.

"मालने, तू बस."

मालनबाई म्हणाल्या, "मी?"

"बस म्हनते ना."

उभं तरी किती राहणार? मी पाटावर पोतं घालून तो उंच केला आणि आत्यांना पुष्पाच्या उशाशी बसवलं. त्यांनी लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. मला वाटलं होतं, आता इथून हुकूम सुटतील. मालनबाईही तयारीत होत्या, कानात प्राण आणून. पण आत्या काही बोलेनात. त्या खाली बघत होत्या, पुष्पाच्या तोंडाकडं. कळ यायची तशी पुष्पा दात आवळायची, कपाळाच्या शिरा टरारून यायच्या, ओठ फुटून रक्त आलेलं. आवाज मात्र काढत नव्हती. आत्यांचे हात नुसते तिच्या गालांवर.

"बाई, आता?" मालनबाईंनी विचारलं.

आत्यांनी ऐकलंच नाही.

"बाई, डोकं दिसतंय. आता काय करू?"

मी म्हटलं, "मालनबाई, तुम्हाला येतं. करा."

आणि त्यांनी केलं. वीस वर्षं मागं उभं राहून बघितलेलं सगळं त्या हातांत होतं. घाई नाही, काही नाही. पोर आलं ते निळसर, मुकं. पुष्पानं डोळे मिटून घेतले. मालनबाईंनी बोटानं तोंडातला चिकटा काढला, पालथं धरून पाठ चोळली, तळव्यावर टिचक्या मारल्या. मी आयुष्यात एवढा वेळ श्वास धरला नाही. मग ते शिंकल्यासारखं झालं आणि रडलं. मुलगी होती.

मालनबाई रडत-हसत ते पोर फडक्यात घेऊन आत्यांपुढं आल्या. "धरा, बाई. तुमीच धरा आदी."

आत्यांनी हात पुढं केले नाहीत. "थांब जरा," म्हणाल्या. "हिचं तोंड पुसू दे." आणि पदराच्या टोकानं पुष्पाचा घाम पुसायला लागल्या, ओठावरचं रक्त पुसायला लागल्या. पुसता पुसता माझ्याकडं न बघताच बोलल्या, "किती बायांची बाळंतपनं केली गं मी. पन एकीचंबी तोंड कवा बगितलं न्हाई. माजं सगळं ध्यान पोराकडं. वर निस्ती वरडायचे, सोस म्हनून. काय सोसत्यात, ते आज दिसलं मला."

पुष्पानं डोळे उघडले. "आई, रडलं का गं?"

"रडलं की. आयकू येत न्हाई व्हय? मालनीच्या हातात हाय, ब्येस हाय, काळजी न्हाई." मग त्यांनी लेकीच्या केसांवरून हात फिरवला. "आता तू रड, बाई. आदीच्या दोगांचंबी रडून घे. मी हाय हितं."

आणि पुष्पा, जी दोन पोरं गेली तेव्हा कुणासमोर रडली नव्हती, ती आईच्या मांडीत तोंड खुपसून मोठ्यानं रडली. मालनबाई पोराला घेऊन तशाच उभ्या राहिल्या. कुणालाच घाई नव्हती.